एका मापाची पुस्तकं

खुशालरावांनी पुस्तक उघडलंच नाही. हातात घेतलं, उभं धरलं, वीत लावून उंची मोजली आणि डावीकडच्या ढिगावर ठेवलं.

"हे चालते. हे बी चालते. हे ठेंगणं हाय, ठेवा बाजूले."

गोदावरीबाई माजघराच्या दारात उभ्या राहून पाहत होत्या. पुस्तकं अशीही निवडतात, हे त्यांना साठी उलटल्यावर कळत होतं. वांगी घेताना माणूस निदान कीड तरी बघतो. खुशालरावांना तेवढीही गरज वाटली नव्हती.

खुशालराव अमरावतीत सरकीचे मोठे व्यापारी. वडिलांच्या नावाने त्यांनी अंबागेटच्या आत पुंजारामजी वाचनालय काढलं होतं आणि त्याचे अध्यक्षही तेच होते. मोरोपंत वकील वारले, आता त्यांची बायको घर सोडून अकोल्याला मुलाकडे निघाली, हे कळताच ते कोसा रेशमाचं धोतर नेसून घरी हजर झाले. कमलाकांतला, म्हणजे गोदावरीबाईंच्या मुलाला, हे फार सोयीचं वाटलं. तो अकोल्याच्या शाळेत मास्तर होता आणि दोन खोल्यांत राहत होता. एवढी पुस्तकं आणून ठेवायची कुठे, हा त्याचा प्रश्न होता. तो खोटा होता असं कोणी म्हणणार नाही.

"वकीलसायबाचा संग्रह म्हंजे लहान गोष्ट नाही, वहिनी," खुशालराव म्हणाले. "काचेचं कपाट बनवून ठेवलं आमी. वर पाटी लावतो. कैलासवासी मोरोपंत वकील यांचा ग्रंथसंग्रह."

"वकिलांचा नाही. माझा आहे तो."

"एकच त झालं ना जी," खुशालराव हसले.

बांधाबांधीला आलेला कमलाकांतही हसला. खुशालरावांचं हसणं गोदावरीबाईंनी कानाआड केलं असतं. मुलाचं मात्र लागलं.

मोरोपंतांची पुस्तकं बाहेरच्या खोलीत असत. ती कायद्याची होती, पक्षकारांना दिसावीत म्हणून मांडलेली, आणि ते वारल्यावर त्यांच्या ज्युनियरने केव्हाच उचलून नेली होती. ही पुस्तकं राहत असत आत, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. गोदावरीबाईंचं माहेर पातूरचं. एकुलता भाऊ गोपाळकृष्ण नागपूरला नोकरीला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच भाऊबीजेला त्यांनी त्याला सांगून टाकलं होतं की मला ओवाळणीत लुगडं नको, पुस्तक आण. सासूने त्यावर नाक मुरडलं, पण भाऊ दर वर्षी पुस्तक आणत राहिला. पुढे त्या स्वतःही मागवू लागल्या. भाऊ गेला आणि ताटातली ओवाळणी थांबली, तोवर तीन फळ्या भरल्या होत्या.

घरात या पुस्तकांबद्दल बोलायला कोणी नव्हतं. मोरोपंत जेवताना बोलत ते खटल्यांबद्दल. म्हणून गोदावरीबाई पुस्तकाशीच बोलायच्या. पेन्सिल घेऊन समासात लिहायच्या. 'खोटं.' 'ही बाई असं करायची नाही.' 'याला कधी चूल पेटवावी लागली नसणार.' मोरोपंतांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, पुस्तकं खराब करून राहिली तू. त्यावरही त्यांनी समासात काहीतरी लिहिलं होतं.

आता त्यांनी खुशालरावांना एकच विचारलं. "मला तिथे येऊन वाचता येतील ना? मी अधूनमधून अमरावतीला येत जाईन."

"तुमचंच हाय, वहिनी. कवाबी या."

त्या विचार करत उभ्या राहिल्या. डावीकडच्या ढिगात हिरव्या पाठीचं एक जाड प्रवासवर्णन होतं. ते त्यांनी हातात घेतलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा घेतलं.

कमलाकांतच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. तारा. सात महिन्यांची होऊन गेली. तिचा फोटो नव्हता, पत्रिका केलेली नव्हती, आणि मोरोपंतांनी पुढे तिचं नाव कधी काढलं नाही. तिला मांडीवर घेऊन गोदावरीबाई हे प्रवासवर्णन वाचत होत्या. त्या पानावर, उजव्या समासात, त्यांनी नंतर लहान लहान ओळींत लिहिलं होतं:

इथवर वाचलं
आणि तारा
रडली. मग
पुन्हा नाही.

तारा या जगात येऊन गेली, याची एवढीच नोंद होती.

हे पुस्तक ठेवून घ्यावं असं त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, एक ठेवलं की सगळीच ठेवावीशी वाटतील. दोन खोल्यांच्या घरात म्हातारीने किती जागा मागायची? आणि वाचनालय म्हणजे काही विहीर नव्हे. पुस्तक कुठेही असलं तरी पान तेच राहणार. असा शहाणा विचार करून त्यांनी ते ढिगावर ठेवलं. उंच पुस्तकं वाचनालयाला गेली. ठेंगणी घरी राहिली. त्यांचं काय करायचं ते दसऱ्यानंतर पाहू, असं ठरलं.

नवं राज्य होऊन दुसरं वर्ष लागलं होतं, त्यामुळे त्या दसऱ्याला जिथे तिथे समारंभ होते. वाचनालयात सरस्वतीपूजन होतं आणि त्याच वेळी नव्या कपाटाचं उद्‌घाटन. गोदावरीबाई कमलाकांतला घेऊन गेल्या. दारातच शेवंतीचा आणि उदबत्तीचा वास नाकात शिरला. समोर चौरंगावर पुस्तकांचा मनोरा रचला होता, वर हार, भोवती आपट्याची पानं. शेजारी फोटोवाला तिपाई लावून उभा होता.

सगळी पुस्तकं लाल. सगळी एका उंचीची, एका रुंदीची. पाठीवर सोनेरी अक्षरांत मोरोपंतांचं नाव, त्यावर हळदकुंकवाचे ठिपके. पुस्तकाचं स्वतःचं नाव खाली बारीक अक्षरांत होतं. लेखकाच्या नावाला जागा उरली नव्हती.

गोदावरीबाईंना काय झालं ते आधी समजलंच नाही. ही पुस्तकं त्यांच्या ओळखीची नव्हती. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"पाहा बाई, कसे देखने केले," कोणीतरी मागून म्हणालं. तो डोमाजी, वाचनालयाचा बाइंडर. त्याच्या नखांत अजून लाल रंग होता आणि तो मनापासून खूश होता. "सायेब म्हने, कपाटात सारे एका मापाचे दिसले पायजे. मंग काय, सर्वात लहान जे होतं त्याचं माप धरलं अन बाकीचे मशीनवर कापून काढले. आतून बी साफ झाले."

"साफ म्हणजे?"

"कडेकडेनं पेन्सिलीचा लय खराबा होता. कोन्या पोट्ट्यानं चिताडलं असंन. सारं गेलं कापण्यात."

गोदावरीबाई त्याच्याकडे वळल्या. "कापलेल्या पट्ट्या कुठे आहेत?"

"कोनत्या पट्ट्या?"

"समासाच्या. कडेच्या."

"त्या शेगडीत घातल्या जी. खळ शिजवाले. जुना कागद मस्त पेटते."

म्हणजे त्यांच्या आयुष्यभराच्या बोलण्यावर खळ शिजली होती आणि त्याच खळीने मोरोपंतांचं नाव या पुस्तकांना चिकटवलं होतं. गोदावरीबाईंना शिसारी आली. डोमाजीची नाही. त्याला सांगितलं ते त्याने केलं होतं, आणि नीट केलं होतं. शिसारी आली ती त्या सोनेरी अक्षरांची, त्या हारांची, कोसा सावरत फोटोसाठी उभ्या राहिलेल्या माणसाची. पुस्तकाला नमस्कार करतील, हळदकुंकू वाहतील, कापतील, जाळतील. वाचणार मात्र नाहीत. आणि या सगळ्याला विद्येची पूजा म्हणतील.

"या वहिनी, या," खुशालरावांनी हाक मारली. "फोटोत पायजे तुमी. वकीलसायबाच्या मागं तुमीच त हाय."

"हे कपाट उघडं राहणार का?"

"कुलूप हाय. हे दर्शनी कपाट हाय, वहिनी. हात लागला म्हंजे सोनेरी अक्षर जाते."

"तुम्ही म्हणाला होता, कधीही या आणि वाचा."

"या ना. काचेतून सारं दिसते."

गोदावरीबाई चौरंगाकडे गेल्या. मनोऱ्यातलं एकेक पुस्तक त्यांनी पाठीशी वाकून पाहिलं. ते प्रवासवर्णन खालून तिसरं होतं. त्यांनी वरची पुस्तकं उचलून खाली ठेवली. हार घसरला, अक्षता सांडल्या, गुरुजी मंत्र म्हणता म्हणता थांबले.

"वहिनी, पूजेतलं पुस्तक हालवत नसते. आज वाचत नाही कोनी. उद्या काढतेत."

"तुमच्याकडे उद्याही कोणी वाचणार नाही, खुशालराव. म्हणून मी आजच वाचते."

अध्यक्षांची खुर्ची सगळ्यात जवळ होती. त्या तिच्यावर बसल्या. कमलाकांत लगबगीने आला, खाली वाकला.

"आई, लोक पाहून राहिले."

"पाहू दे. आणि ऐक. घरची पुस्तकं इथे यायची नाहीत. अकोल्याला येतील."

"अगं, जागा कुठे आहे?"

"माझा पलंग आणू नकोस. त्या जागी पुस्तकं राहतील. मी खाली झोपेन."

"थंडीत खाली? तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत," गोदावरीबाई म्हणाल्या. "पुस्तकंही माझीच आहेत. एवढं तुला कळलं तरी पुष्कळ झालं."

कमलाकांत या वेळी हसला नाही. खुशालरावांनी फोटोवाल्याला हाताने थांबवलं.

गोदावरीबाईंनी पान काढलं. शोधावं लागलं नाही. उजवीकडे छपाई संपत होती तिथून कडेपर्यंत बोटाच्या पेराएवढीही जागा नव्हती. पट्टी सरळ, सफाईने कापली होती. लहान लहान ओळींची फक्त सुरुवात उरली होती. 'इथ'. 'आ'. 'र'. 'पु'. तारा या नावातलं एक अक्षरही पानावर नव्हतं.

त्यांनी कमरेचा बटवा उघडला आणि पेन्सिलीचा तुकडा काढला. टोक 'आ'च्या पुढे कागदाला टेकवलं. नुसतं 'ता' लिहून पाहिलं असतं, तरी काना कागदाबाहेर गेला असता.

त्यांनी पेन्सिल बटव्यात परत ठेवली. पदराने पानावर सांडलेलं कुंकू पुसलं आणि जिथवर वाचलं होतं, तिथून पुढे वाचायला लागल्या.