आईची पाठ

धाकटीला पुन्हा तेच स्वप्न पडलं होतं. सकाळी चहा पुढ्यात यायच्या आतच तिनं सुरुवात केली.

"आई पाठ करून बसलेली असते, ताई. मी हाका मारते, ती वळूनसुद्धा बघत नाही."

"पोटाला तडस लागेपर्यंत जेवतेस आणि लगेच आडवी होतेस," सुईत दोरा ओवत थोरली म्हणाली. "मग स्वप्नं नाही पडणार तर काय?"

तेव्हा रेडीमेडचं पेव फुटलेलं नव्हतं. थोरली शिंप्याच्या शर्टांना हातानं काजं-बटणं करून द्यायची. धाकटी लग्न करून दूर गेली, ती आईच्या शेवटच्या आजारातही फिरकली नाही. आता नवरा गेला, मुलानं हात वर केले, म्हणून बोचकं घेऊन बहिणीच्या दारात आली. मदतीला बसायची, पण तिनं केलेलं प्रत्येक काज उसवून पुन्हा घालावं लागे.

"ती माझ्यावर रागावूनच गेली, हाच त्याचा अर्थ ना? तू होतीस तिच्याजवळ. खरं काय ते सांग."

थोरलीला खरं ठाऊक होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते फुकटात का द्यायचं? बसू दे झुरत.

"स्वप्नाला कसला आलाय अर्थ!"

"तुझं बरं आहे बाई," धाकटीनं पदर डोळ्याला लावला. "तुला शेवटपर्यंत तिचं तोंड तरी बघायला मिळालं."

थोरलीची सुई थांबली.

"तोंड? खुर्ची खिडकीकडे फिरवून घेतली होती तिनं. तिथनं बसथांबा दिसतो ना! प्रत्येक बसमधून तू उतरणार होतीस. घास मी भरवायची, गू-मूत मी काढायची, आणि नजर तिकडे. 'आली का गं ती?' मी स्वयंपाकघरातून आले की पाठच दिसायची. मला, बाई, मला! ती पाठ माझ्या वाट्याची. आता तिच्यातही हिस्सा हवाय तुला?"

धाकटी बघतच राहिली. "माझी वाट बघत होती?" म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली. पण रडता रडता तिचा चेहरा असा उजळत गेला, की थोरलीला तो बघवेना. इतकी वर्षं जपून ठेवलेलं एकुलतं एक हत्यार तिनं रागाच्या भरात आपल्याच हातानं देऊन टाकलं होतं.

जरा वेळानं धाकटीनं विचारलं, "तुझ्या स्वप्नात येते का गं ती?"

"कशाला येईल? मी कुठं गेले होते तिला सोडून?"

धाकटी सरकून जवळ आली आणि तिनं थोरलीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काढ तो हात," थोरली म्हणाली. "आत्ताच नाक पुसलंस त्यानं. गिऱ्हाइकाचा शर्ट आहे मांडीवर."