आखाडातलं घर

म्हस्कूने घराचा नकाशा कागदावर काढला नाही. कळसच्या तळ्याकाठी ओल्या मातीत काठीने रेघा मारल्या आणि जो जिथे निजणार तिथे मेंढीची एकेक लेंडी ठेवली. अशा दहा लेंड्या. तो नि सारजा, धाकटा भाऊ कुंडलिक, त्याची बायको नि तीन पोरं, आणि मुलगा मल्हार, सून रोहिणी, तिचं अंगावर पिणारं लेकरू.

"एवढ्याशा घरात दहा माणसं?" सारजा म्हणाली.

"पालात आठ निजत हुतो की!"

घर लहान होतं, पण डोकं मोठं लावलं होतं. उन्हावाऱ्याचं जे जे कळपाने शिकवलं ते सगळं त्याने त्यात ओतलं. मेंढरं आपणहून जिथे बसत, तीच जागा धरली. तळ्यावरचा वारा आत घ्यायला पश्चिमेला ओळीने सहा खिडक्या, बसल्या मेंढराच्या उंचीच्या, बिनदाराच्या. बाकी तिन्ही बाजूंना हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. सगळ्यांत मिळून चूल एकच. "ह्या घरात पंखा लागणार न्हाय," असं तो येईल-जाईल त्याला ऐकवायचा.

शेजारच्या रानात भाजीपाला करणारा झुंबर डोकं खाजवत म्हणाला, "तात्या, घाई करू नगा. येकदा चैतात बगा हितं, मग खिडक्या पाडा."

"चाळीस वर्सं बगतुय मी हे तळं. तू मला तळं दावतो व्हय?"

यात खोटं काही नव्हतं. पण चाळीस वर्षं तो दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरत होता आणि आखाडात परतत होता. तोवर कालव्याचं पाणी येऊन तळं काठोकाठ भरलेलं असायचं. मधलं कळस त्याने कधी पाहिलंच नव्हतं. खरं सांगायचं तर मल्हारही त्याने तेवढाच पाहिला होता. पोर वाटेवर आजारी पडायचं, म्हणून दर दिवाळीला त्याला सोमेश्वरनगरला मामाकडे ठेवून दोघं निघत. ते धोतराला धरून रडायचं, आणि हा म्हणायचा, "आखाडात येतो, बाळा. दिवाळीपातूर ऱ्हातो." घर बांधायचं ते याचसाठी. बुडालेले ते आठ-आठ महिने त्याला भरून काढायचे होते.

दोघा भावांची मेंढरं विकून घर उठलं आणि दसऱ्याला वास्तू झाली. दिवाळीनंतर दरसाल त्यांच्या जोडीने कोकणात उतरणाऱ्या गेणबाचा कळप खाली निघाला, तेव्हा म्हस्कू ओट्यावर बसून हसला. "जावा, जावा! आमी आता घरवालं झालो."

पौषात पाणी मागे सरलं. फाल्गुनात डबकं उरलं. चैत्रात तळ्याला भेगा पडल्या, आणि दुपार कलली की ऊन नि गाळाची धूळ सहाही खिडक्यांतून आत घुसू लागली. भाकरीत धूळ, पाळण्यात धूळ. म्हस्कूने गोणपाटं टांगली, मग खिडक्यांत दगड रचले. तेव्हा आत भट्टी पेटल्यागत झालं. रोहिणीचं लेकरू तापाने फणफणलं, डोळे फिरवू लागलं. मल्हार दोघांना घेऊन सोमेश्वरनगरला गेला. "तितं पंखा हाय, आबा," एवढंच बोलला.

आठवड्याने कुंडलिकही बायकापोरं घेऊन निघाला. दादाच्या शब्दावर त्याने आपला कळप मोडला होता. आता कोकणात गेणबाला गाठून तो त्याच्या मेंढरांमागे गडी म्हणून राहणार होता. तो शिव्या देऊन गेला असता तर म्हस्कूला बरं वाटलं असतं. पण तो पाया पडून गेला.

झुंबर रोज आपल्या विहिरीची एक घागर ओट्यावर ठेवून जायचा. चैताबद्दल चकार शब्द काढायचा नाही, आणि म्हस्कूला तेच सोसत नव्हतं.

मग आखाड आला. तळं भरलं. म्हस्कूने खिडक्यांतले दगड काढले आणि गार वारा घरभर फिरला. परत आलेला गेणबा आत येऊन भिंतीला टेकला. "म्हस्कूराव, असं घर साऱ्या कळसात न्हाय! पंखा काय करायचाय? पोरं कुटं हायती?"

सारजा उठून चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने म्हस्कू सोमेश्वरनगरला पोचला. मल्हारच्या भाड्याच्या खोलीत पंखा करकरत होता. लेकरू बाळसं धरून पावलं टाकायला लागलं होतं. आजाला पाहून ते आईच्या पदराआड लपलं.

"चला आता," म्हस्कू उभ्याउभ्याच म्हणाला. "तळं भरलंय. वारा लागलाय."

मल्हार चिडला नाही. त्याने बापाला खाली बसवलं, तांब्या पुढे केला आणि लहान पोराची काढावी तशी समजूत काढली. "येऊ की, आबा. तुमी वाईट वाटून घेऊ नगा. दरसाल आखाडात येतो. दिवाळीपातूर ऱ्हातो."

"बरं," म्हस्कू म्हणाला. मग पंख्याखाली, सुनेसमोर, त्याने धोतराच्या सोग्यात तोंड घातलं आणि तो रडला.