व्हर्नन सहीची वाट पाहत आहे

गेल्या हिवाळ्यात व्हर्नन आमिरोची होडी भर समुद्रात एकटीच गोल गोल फिरताना सापडली. इंजीन चालू होतं, शेवंडांचे पिंजरे कडेला रचलेले होते, व्हर्नन मात्र नव्हता. त्याच्या खिशातला फोनही त्याच्याबरोबरच गेला. नोव्हा स्कोशियाच्या त्या किनाऱ्यावर असं घडतं. लोक चर्चमध्ये जमतात, रडतात, आणि पुन्हा कामाला लागतात. पण त्याच्या बायकोने, एदमेने, त्याच्या निरोपाची प्रार्थना काही होऊ दिली नाही. "माणूस नाही मिळाला, मग निरोप कुणाला देऊ?" एवढंच ती म्हणायची.

शरद ऋतूत मात्र तिने होडी दिराला, कामिलला, विकायचं ठरवलं. मासेमारीचा नवा मोसम तोंडावर आला होता. वकिलाच्या कचेरीतून कागद ईमेलने आले. फोनवरच बोटाने सही करायची होती. सकाळी भांडी आवरून एदमेने ते उघडले, तर सहीच्या जागेवर बोट टेकेना. वर लिहिलेलं होतं : आधी व्हर्नन यांची सही व्हायची आहे.

तिने कचेरीत फोन लावला. तिथली जनेल ओशाळली. "अगं बाई! होडी दोघांच्या नावावर होती ना, जुनाच मसुदा गेला बघा. त्यांच्या ईमेलवरही गेला असणार. आत्ता नाव काढते हं."

ती बोलत असतानाच एदमेच्या कानाशी फोन किणकिणला. व्हर्नन यांनी सही केली आहे. आता तुमची पाळी.

"जनेल, तू केलीस?"

"मी? मी तर अजून उघडलंही नाही," जनेल म्हणाली.

एदमेने सही पाहिली. दोरखंडात सापडून व्हर्ननचं उजव्या हाताचं बोट तुटलेलं होतं, त्यामुळे फोनवर तो डाव्या अंगठ्याने लिहायचा. पहिलं अक्षर गळासारखं खाली वाकायचं. इथेही तसंच वाकलं होतं.

तिने बोलावताच कामिल धावत आला. "कुणीतरी भामटा त्याच्या ईमेलमध्ये घुसलाय. दे इकडे." त्याने फोन हातात घेतला, पाहिलं, आणि टोपी काढून खुर्चीत बसला. म्हणाला, "भामट्याला अंगठ्याचं कसं ठाऊक?"

पोलिसांनी चौकशी केली. व्हर्नन हरवला त्या दिवसापासून त्याचा फोन कुठेच जागा झालेला नाही, असं त्यांनी सांगितलं. जनेलने तो मसुदा रद्द करून पाहिला. रद्द होईना. शेवटी तिने नवे कागद छापले, एदमेने पेनाने सही केली आणि होडी कामिलची झाली.

पण रोज सकाळी तिला ईमेल येत राहिला : व्हर्नन तुमच्या सहीची वाट पाहत आहे.

सुरुवातीला ती तो पुसून टाकायची. मग पुसवेना. एके दिवशी तिने कागदाखालच्या, मजकूर लिहायच्या चौकटीत लिहिलं, "तू कुठे आहेस रे?" चौकटीखाली फक्त उमटलं : व्हर्नन यांनी वाचले.

"करून टाक ना सही," कामिल कळवळून म्हणाला. "त्याला किती ताटकळत ठेवशील?"

"केली, तर तो जाईल रे."

"एदमे, तो गेलाय."

त्या दुपारी ती धक्क्यावर गेली. ऊन होतं, वारा झोंबत होता, ओहोटीचं पाणी खांबांना चाटत होतं. तिने कागद उघडला आणि बोट टेकवलं. काच बर्फासारखी गार लागली. अक्षरं उमटत गेली तशी काच ओलसर होत गेली आणि बोटाखालून पाणी ओघळलं. तिने हात काढला नाही. नाव पूर्ण केलं.

सर्वांच्या सह्या झाल्या आहेत, असं आलं आणि फोन विझला.

तशीच ती पाद्रीबाबांकडे गेली आणि म्हणाली, "रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना ठेवा." रविवारी चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती.

पुढे शहरातल्या फोन दुरुस्तीच्या दुकानात तिने फोन दाखवला. तिथल्या पोरीने मागचं झाकण उघडलं आणि नाक मुरडलं. "आजी, समुद्रात कधी पडला हा?"

"पडलाच नाही गं."

"कसं शक्य आहे? आत मीठ साचलंय. वर्षभर तरी बुडालेला असणार." तिने चिमट्याने हिरव्या शेवाळाची बारीक दोरी ओढून काढली. "टाकून देऊ?"

"नको," एदमे म्हणाली. "बंद कर आणि दे माझ्याकडे."