कानातला परका आवाज

पोशीरच्या भातगिरणीत धाकलूनं उमेदीची सगळी वर्षं काढली, आणि गिरणीनं त्याचे कान घेतले. एकदम नाही, हळूहळू. आधी पाखरं गेली, मग बायकांची बोलणी, मग दारावरची थाप. सत्तरी उलटली तेव्हा तो समोरच्याच्या ओठांकडे बघून मान हलवण्यावर आला होता. सून नम्रता बोलायला लागली की अर्धं कळायच्या आत "बरं, बरं" म्हणून मोकळा व्हायचा, आणि तिनं विळी मागितली असली तर कोयता आणून द्यायचा.

मुलगा स्वप्नील मोहोपाड्याजवळ एका कारखान्यात पाळीनं कामाला होता. दिवाळीच्या सुटीत त्यानं बापासाठी कानाची मशीनं आणली. स्वस्तातलीच होती, पण फोनला जोडता येणारी. कारखान्यातनं त्यानं घरी फोन केला की आवाज थेट बापाच्या कानात. जोडायच्या वेळी नेमका नम्रताचा फोन चार्जिंग संपून बंद पडलेला, म्हणून शेजारच्या सदूची मुलगी हर्षला आली. कर्जतला कॉलेजात जायची ती. तिनं मशीनचं बारकं बटण दाबून धरलं, आपल्या फोनवर मशीनचं नाव आलं तसं त्यावर बोट ठेवलं, आणि धाकलूच्या कानात गाणं वाजलं.

"लागलं बघा, बाबा," ती म्हणाली.

धाकलूला तिचा आवाज बोबडा असतानाचाच तेवढा माहीत होता. ही पोर अशी मोठ्या बाईसारखी बोलते हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि त्याचे डोळे भरून आले. नंतर नम्रताचा फोनही जोडून झाला. हर्षलाचा काढून टाकावा हे कुणाच्या मनातही आलं नाही.

पहिले काही दिवस धाकलू खुळ्यासारखा हिंडला. कोंबड्यांचं ऐकायचा, तव्यावर भाकरी उलटली त्याचं ऐकायचा. आणि मग एका दुपारी तो आवाज आला.

नम्रता बचत गटाच्या कामाला नेरळला गेली होती. घरात कुणी नव्हतं. धाकलू ओटीवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होता. आधी कानात घंटी वाजली आणि पाठोपाठ एक पुरुष बोलला, अगदी जवळून, मानेमागं उभा असल्यासारखा.

"काय, बोलायचं नाही का? गप्प बसून सुटशील असं वाटतंय तुला?"

धाकलूनं मागं बघितलं. मागं भिंत. अंगणात बघितलं. अंगणात कोंबड्या. आवाज पुन्हा म्हणाला, "मी वाट बघतोय. लक्षात ठेव." आणि विझला.

शेंगांनी भरलेलं सूप मांडीवरनं खाली सांडलं. त्यानं मशीनं काढून खिशात टाकली. सगळं पूर्वीसारखं मुकं झालं, आणि त्या मुकेपणाचाच त्याला आधार वाटला.

हे कुणाला सांगायची त्याची छाती झाली नाही. त्याला कारण होतं. त्याची थोरली बहीण आनंदीबाई शेवटच्या वर्षात अशीच कोपऱ्याकडे तोंड करून कुणाशी तरी बोलायची. विचारलं तर म्हणायची, ते मला बोलावतात. पुढं पुढं तिला घरातली माणसंही ओळखू येईनात. धाकलूनं ते सगळं बघितलं होतं. आता आपली पाळी आली, असंच त्याच्या मनानं घेतलं. तो जेवताना गप्प राहायला लागला. मशीन घाला म्हणून नम्रता मागं लागायची, तेव्हा कान दुखतो म्हणून सांगायचा. पण पोराचा फोन यायचा तेव्हा घालावंच लागायचं, आणि घातलं की सबंध वेळ त्याची मान आखडलेली असायची.

दुसऱ्यांदा आवाज आला तो तिन्हीसांजेच्या आधी. नम्रता फोन घेऊन विहिरीकडे गेली होती. घंटी वाजली, आणि तोच पुरुष बोलायला लागला. या वेळी तो चिडलेला होता.

"हर्षला, हा माज बंद कर. फोन उचलतेस आणि बोलत नाहीस. तुझे फोटो गावच्या ग्रुपवर पडले ना, मग बोलशील."

नाव ऐकून धाकलूनं मान वर केली. कुंपणापलीकडे, सदूच्या पडवीत, हर्षला फोन कानाला लावून उभी होती. रेंज मिळावी म्हणून इकडून तिकडे फिरत होती. "हॅलो... हॅलो, मला ऐकू येत नाहीये, ऐक ना माझं," असं ती म्हणत होती. तिचे शब्द धाकलूला अंगणातनं ऐकू आले, आणि त्या पुरुषाचे कानातनं. त्या दोघांना मात्र एकमेकांचं काहीच पोचत नव्हतं. पुरुषानं एक घाणेरडी शिवी दिली आणि फोन कापला. हर्षलानं फोन डोळ्यांसमोर धरला. मग ती पडवीच्या खांबाला टेकून खाली बसली.

धाकलूचं डोकं ठिकाणावर होतं. आवाज खरा होता. पण त्याची नजर खांबाशी बसलेल्या पोरीवरनं हटेना.

रविवारी स्वप्नील घरी होता. धाकलूनं आडून आडून विचारलं, की दुसऱ्याच्या फोनमधलं बोलणं माझ्या कानात पडंल का रं. मधी एक गाणं आयकू आलं, असं खोटंच सांगितलं. स्वप्नील हसला. मग त्यानं बापाला नीट समजावलं. ब्लूटूथला टॉवर लागत नाही, दोन वस्तू हवेतनंच एकमेकींशी बोलतात, पण थोड्याच अंतरात. या घरातनं त्या घरात, अंगणापलीकडे फार तर. मधली भिंत आवाज थोडा दाबते, अडवत नाही. आणि एकदा फोनची नि मशीनची ओळख झाली की दर वेळी परवानगी विचारत नाहीत. जवळ आली की आपसूक जोडली जातात.

"नम्रताचा फोन लांब गेला की तुमचं मशीन दुसरी ओळख शोधतं. हर्षलाचा फोन पलीकडंच असतो, तो त्याला गावतो. मग तिच्या फोनमधला आवाज तुमच्या कानात, आन तुमच्या मशीनचा माइक तिच्या फोनला. चांगल्या वस्तूला जोडताना नंबर घालावा लागतो. ह्याला तसलं काय नाय. बटण दाबलेलं असताना जवळचा कुणीबी जोडून घेईल."

"म्हंजे मी बोललो तर पलीकडल्याला जाईल?"

"जाईल की. काढूनच टाकतो ती जोडणी. हर्षलाला हाक मारतो."

"ऱ्हाऊ दे," धाकलू घाईनं म्हणाला. "पुढल्या सुटीला बघू."

असं का म्हणालो, हे त्याला रात्रभर छळत राहिलं. जोडणी काढली असती तर तो सुटला असता, आणि ती पोर एकटी पडली असती. ठेवली, तर तो जाणूनबुजून परक्या पोरीचं बोलणं ऐकणारा म्हातारा ठरला. सदूला सांगावं, तर सदूचा राग त्यानं लहानपणापासून बघितला होता. तो आधी पोरीचं कॉलेज बंद करील, मग बाकीचं विचारील. नम्रताला सांगावं असं दोनदा ओठांवर आलं, पण एका बाईमाणसाची अब्रू आपण तिसऱ्याच्या तोंडी देतोय असं वाटून तो थांबला. हर्षलाशीच बोलायचं ठरवलं, तर ती समोर आली की शब्द फुटेना. कशी हायस, काय अभ्यास, एवढंच विचारून झालं. पोर वाळत चालली होती. कॉलेजलाही रोज जात नव्हती.

मग ती दुपार आली. नम्रता बाजाराला गेली होती. कानात घंटी वाजली तसा धाकलूचा हात मशीन काढायला वर गेला, आणि तसाच राहिला. पलीकडे हर्षला फोन घेऊन अंगणात आली होती.

"शेवटचं सांगतो," आवाज थंडपणे म्हणाला. "उद्या दुपारी दस्तुरी नाक्यावर ये. माथेरानला रूम घेतलीय. आली नाहीस तर पहिला फोटो तुझ्या बापाला, दुसरा मामाला. कॉलेजच्या मॅडमचाही नंबर आहे माझ्याकडं. कळलं का?"

धाकलूनं काही ठरवलं नव्हतं. तो उठून उभा राहिला आणि गिरणीत बोलायचा तसा मोठ्यानं बोलला.

"ती नाय यायची. मी धाकलू बोलतोय, तिच्या शेजारचा. तुझं समदं आयकलंय मी. आता तुझं नाव सांग."

पलीकडे श्वास ऐकू आला. मग बारीक टिक वाजली. फोन कापला गेला होता.

आपण काय करून बसलो हे त्याला तेव्हा कळलं. त्या माणसानं आता चिडून फोटो पाठवून दिले तर? हर्षला कुंपणाशी येऊन उभी होती. त्याचा शब्द न् शब्द तिनं ऐकला होता.

"तुम्ही कुणाशी बोललात, बाबा?"

"तुझ्या फोनवरल्या माणसाशी."

तिनं फोनकडे बघितलं. वरच्या कोपऱ्यातली ब्लूटूथची खूण आणि खाली मशीनचं नाव तिला आत्ता दिसलं. "म्हणजे मला रेंज नव्हती, असं नाहीच," ती स्वतःशीच म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "किती दिवस ऐकताय?"

"थोडे दिवस झाले."

"आणि गप्प बसलात."

त्यानं दोन्ही मशीनं कानातनं काढली आणि तिच्या हातावर ठेवली. ती बोलत राहिली. तिचे ओठ भराभर हलत होते, गळ्याची शीर ताणली होती. धाकलूला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, आणि डोळ्यांत पाणी आल्यामुळे ओठही वाचता येईनात. तो नुसता उभा राहून सगळं घेत राहिला.

ती थकून ओटीवर बसली. बराच वेळ फोनवर काहीतरी करत होती. मग उठली, आणि एकेक मशीन तिनं स्वतःच्या हातानं त्याच्या कानात बसवलं.

"काढली माझी जोडणी," ती म्हणाली. "आता सांगते, ते समोरासमोर."

मुलगा खालापूरकडचा होता, विकास नावाचा. वर्षभर ओळख होती, विश्वास होता. त्या विश्वासात तिनं त्याला काही फोटो पाठवले होते. ते आता त्याच्याकडे होते. संबंध तोडते म्हणाल्यावर तो उलटला. पण तिला सगळ्यात जास्त भीती नंबरांची होती. बापाचा नंबर तिनं त्याला कधी दिला नव्हता, मामाचाही नाही. एकदा त्याच्या गाडीत गाणी लावायला तिनं आपला फोन गाडीला जोडला होता. गाडीनं काहीतरी विचारलं, तिनं न वाचता हो केलं, आणि तिच्या फोनमधले सगळे नंबर गाडीत उतरले. ती उतरून गेली तरी ते तिथंच राहिले.

"बापाला नका सांगू," ती म्हणाली.

"सदूला मी सांगतो," धाकलू म्हणाला. "तू समोर नको बसू. पण आधी पोलिसात जायाचं. नम्रता येईल संगती."

नम्रता बाजारातनं आली, पिशव्या तिथंच ठेवल्या आणि पोरीला घेऊन तशीच परत फिरली. ठाण्यातल्या बाई हवालदारानं शांतपणे ऐकून घेतलं. संध्याकाळपर्यंत विकासला बोलावणं गेलं, फोन जप्त झाला. पण त्याआधीच एक फोटो मामाला पोचला होता. धाकलूनं भलत्या वेळी तोंड उघडलं नसतं तर कदाचित तो गेला नसता. हे हर्षला त्याला कधी बोलली नाही. त्यालाच ते कळत होतं.

सदूला त्यानं खळ्यावर गाठून सांगितलं. सदू रागावला नाही, हेच धाकलूला जास्त भिववून गेलं. तो पेंढ्यावर बसला. उठताना एवढंच म्हणाला, "दादा, आधी सांगायचं व्हतं." दुसऱ्या दिवशी जबाब द्यायला त्यानं स्वतः हर्षलाला मोटारसायकलवर मागं बसवून नेलं. मामाचं येणं-जाणं मात्र थांबलं. केस अजून चालू आहे, आणि ते फोटो आणखी कुठं आहेत की नाहीत हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

परवा हर्षला ओटीवर आली. हातात फोन वाजत होता, अनोळखी नंबर. तिची बोटं पांढरी पडली होती.

"बाबा, जरा बसा ना इथं. मी उचलते."

धाकलू तिच्या शेजारी बसला. तिनं फोन स्पीकरवर टाकला, दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. कॉलेजातल्या बाई होत्या, ऑफिसातल्या फोनवरनं. परीक्षेचा फॉर्म भरलास का, विचारत होत्या.

"भरते मॅडम," हर्षला म्हणाली. "उद्या येते."