दर्या दरवाज्यावरचं शेपूट

शेजारच्या मावशींचा फोन आला तेव्हा मी राजवाड्याच्या सज्जात पर्यटकांच्या घोळक्याला शेवटच्या राजाच्या फजितीची गोष्ट रंगवत होते.

"अगं, तुमचं दार सताड उघडं आहे," मावशी म्हणाल्या. "बाबा घरात नाहीत. दारामागच्या खुंटीवरची छत्रीपण नाही."

छत्री नाही म्हणजे बाबा कामावर निघाले होते. ही जुनी राजधानी लोकांना दाखवण्यात त्यांचा जन्म गेला. मिटलेली छत्री उंच धरायची, म्हणजे घोळका आपोआप मागे येतो, ही त्यांचीच शिकवण. हल्ली त्यांना माझा चेहरा ओळखू येत नाही, जेवलो की नाही हे आठवत नाही, पण बुरुजावरच्या कुठल्या तोफेला कुठं तडा गेलाय ते विचारून बघा.

घोळका वाऱ्यावर सोडला तर परवाना जातो, आणि आमची चूल त्या परवान्यावर पेटते. म्हणून मी डोकं चालवलं, आणि तिथंच चुकले.

आमच्या धंद्यात फेरीची सुरुवात समुद्र ठरवतो. ओहोटी असेल तर आधी खाली दर्या दरवाजा आणि त्याच्या पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, मग चढत चढत जकातघर, टांकसाळ, राजवाडा. भरती असेल तर सगळं उलटं, कारण त्या पायऱ्या पाण्याखाली जातात. बाबांचं डोकं कितीही रिकामं झालं तरी पाण्याकडे नजर टाकल्याशिवाय ते फेरीला निघणार नाहीत, याची मला खात्री होती. आज भरती चढत होती. म्हणजे ते वरून खाली येणार, असं धरून मीही घोळका घेऊन वरूनच शोधायला लागले.

राजवाडा मी असा दाखवला की चोरानंसुद्धा इतक्या घाईत बघितला नसता. टांकसाळीत तर नाणी पाडायचे साचे कुठले हे सांगायच्या आत आम्ही बाहेर.

"अहो बाई, आम्ही बघायला आलोय की शर्यतीला?" एक टोपीवाल्या काकू धापा टाकत म्हणाल्या.

"खाली वारा छान आहे, काकू," मी म्हणाले. प्रत्येक खांबाआड एखादा म्हातारा दिसे, आणि एकही माझा नसे.

जकातघराचा पहारेकरी बाबांच्या वेळचा. तो म्हणाला, "ते मघाशीच खाली गेले की. मला विचारलं, माझं शेपूट दिसलं का? म्हटलं, असेल जागेवर." तो हसला, मग माझं तोंड बघून त्यानं हसू आवरलं.

शेपूट म्हणजे मी. आई गेल्यावर घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून बाबा मला कामावर न्यायचे. घोळक्याच्या अगदी शेवटी मी चालायची. दर्या दरवाज्याशी आलो की सगळ्यात खालच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसायची, ते हाक मारेपर्यंत. बाबा आज फेरीला निघालेच नव्हते. ते मला शोधत होते. आणि पोरीला शोधायला निघालेला बाप पाण्याकडे बघून थांबत नाही.

घोळका पहारेकऱ्याच्या गळ्यात घातला आणि मी धावत सुटले.

ते पायऱ्यांवर गुडघाभर पाण्यात उभे होते. लाट आली की कमरेपर्यंत भिजत होते. छत्रीच्या टोकानं खालची पायरी चाचपत होते.

"बाबा," मी हाक मारली. त्यांनी वळून बघितलं, ओळख दिली नाही, पुन्हा पाणी चाचपायला लागले. अनोळखी माणसानं हात धरला की ते जिवाच्या आकांतानं झटका देतात. त्या शेवाळावर तसा झटका बसला असता तर दोघंही गेलो असतो.

माझ्याकडे त्यांच्याच धंद्याची एक युक्ती होती. जिथली गोष्ट तिथंच सांगायची, हा त्यांचा नियम.

"साहेब, एक शंका होती," मी म्हणाले. "शेवटचा राजा पळाला कुठून?"

त्यांची पाठ ताठ झाली. छत्री वर गेली. "त्यासाठी वर सज्जात यावं लागेल. चला. पायाखाली बघा, शेवाळ आहे."

ते दोन पायऱ्या चढले आणि थबकले. "पण माझी पोर खाली राहिलीय." ते पुन्हा वळले. समोरून मोठी लाट येत होती.

"ती वर आहे, दरवाज्याच्या कमानीत," मी म्हणाले. "मी बघितलं तिला."

ते चढले. माझ्याजवळून भराभर वर गेले, म्हातारपण विसरून. कमान रिकामी होती. त्यांनी दोन्ही कोपरे बघितले, मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही खोटं बोललात, बाई," ते शांतपणे म्हणाले. "जे बघितलं नाही ते बघितलं म्हणून सांगू नये."

हेही मला त्यांनीच शिकवलेलं. माझ्याकडे दुसरी युक्ती नव्हती, आणि ते पुन्हा पायऱ्यांकडे निघाले होते. काठाशी थांबून त्यांनी पाण्याकडे तोंड करून हाक मारली, "शेपटेऽऽ"

मी त्यांच्या पाठीशी गेले. "ओ, बाबा. आले."

त्यांचे खांदे सैल पडले. न वळता त्यांनी हात मागे केला, पूर्वी करायचे तसा. "किती हाका मारायच्या गं? हात धर. सोडू नकोस."

मी मूठ आवळून होईल तेवढी लहान केली आणि त्यांच्या ओल्या तळव्यात ठेवली. त्यांनी ती घट्ट धरली.

तसेच आम्ही घराकडची चढण चढलो, छत्री वर, मी एक पाऊल मागे. जकातघराशी काकूंनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, मी मानेनंच नको म्हटलं, आणि घोळका मुकाट्यानं मागून यायला लागला.

"आहेस ना?" ते प्रत्येक वळणावर विचारत होते.

"आहे, बाबा." रडू फुटत होतं, पण आवाज बिघडवून चालणार नव्हतं. त्यांनी मागे बघितलं असतं तर तीच खोटारडी बाई दिसली असती, आणि ते पुन्हा पोरीला शोधायला खाली गेले असते.

आमची खुंटी दारामागे आहे. वळल्याशिवाय छत्री अडकवता येत नाही. घर जवळ येत होतं, आणि मी पावलं आखडती घेत होते.