रिंकीच्या अभ्यासासाठी

मोनालीने पंधरा दिवस अभ्यास केला होता. बी.एड.ला एवढा केला असता तर आज कुठल्यातरी शाळेत लागली असती, हे तिचं तिलाच कळत होतं. रिंकी दुपारी झोपली की ही मोबाइलवर ग्राफिक्स कार्ड, रॅम, स्क्रीन, आत पंखे किती आणि गरम हवा कुठून निघते, सगळं वाचून काढायची. जुन्या लॅपटॉपवर गेममधली रेस ऐन रंगात आली की चित्र थिजायचं, आणि तिकडे नागपूरची मैत्रीण रुचि भुर्रकन पुढे. दिवसातला तेवढा एक तास हिचा स्वतःचा, तोही असा वाया.

अभ्यासात एकच धडा राहून गेला, घरी खरं सांगायचा. घरी शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे तिचेच होते, तरी नवा लॅपटॉप कशाला म्हटल्यावर तोंडातून निघालं ते "रिंकीच्या अभ्यासासाठी". रिंकी दीड वर्षाची. सध्या तिचा अभ्यास चार्जरची वायर चावण्यापुरता होता.

नवऱ्याला, उमेंद्रला, राइस मिलमधून सुट्टी नव्हती, म्हणून दवनीवाड्याहून सोबत सासूबाई आल्या, कुंताबाई, आणि मोनालीच्या कडेवर रिंकी. गोंदियाच्या दुकानात पाय ठेवताच त्यांनी नातीच्या शिक्षणाची गोष्ट जाहीर करून टाकली. दुकानदार इंद्रकुमारने लगेच एक चपटा, चंदेरी लॅपटॉप काढला. बॅटरी दिवसभर, आवाज शून्य. सासूबाईंनी तो तळहातावर तोलला आणि पसंत केला.

मोनालीने आडून आडून प्रयत्न केला. यात वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे का? बच्ची के लिए त्याची काय गरज, इंद्रकुमारने समजूत घातली. ती चित्रं काढेल, मोनाली म्हणाली. पुढे इंजिनिअर होईल. एकेका खोट्याने रिंकीचं वय वाढत चाललं, पण काचेमागचा, तिने आल्या आल्या हेरलेला काळा, जाडजूड लॅपटॉप काही टेबलावर येईना. इंद्रकुमारने बिलबुक पुढे ओढलं.

"भैया, थांबा," मोनाली म्हणाली. "तो काळा द्या. गेम खेळायला पाहिजे. मलाच."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट वळून पाहिलं.

"मंग पयलेच काऊन नाई सांगतली? मी पोरीचं नाव घेऊ घेऊ थकून राहिली."

"तुम्ही हसाल म्हणून, आई."

"तं हसूनच राहिली ना मी." त्यांनी रिंकीला मोनालीकडून उचलून आपल्या कडेवर घेतलं. "चालवून तं पाह्य पयले. न पाहता वस्तू घेऊ नाई."

इंद्रकुमारने रेस लावून दिली. मोनाली हात पुसून बसली आणि पहिल्याच वळणावर गाडी थेट भिंतीत. चित्र मात्र कणभर थिजलं नाही. भिंतीची वीट न वीट स्वच्छ दिसली.

म्हणजे इतके दिवस सगळा दोष काही जुन्या लॅपटॉपचा नव्हता तर.

"हाच द्या," ती म्हणाली, आणि बिल होईपर्यंत तिने गाडी पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर आणून उभी केली.