आसरांनी लावलेला चुना

खारबावच्या केसरीनाथांच्या अंगणात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. पाटावर दौलत भगत, खांद्यावर हळदीत रंगवलेलं उपरणं, पुढ्यात पाण्याचा तांब्या. समोर केसरीनाथांची नात निशा मान खाली घालून बसलेली. आठव्या वर्षीच तिला पाळी आली होती, आणि ही बातमी आळीभर व्हायला दुपारसुद्धा लागली नव्हती.

भगताने हळदीचा पिवळा रुमाल तिच्यावरून ओवाळला, तांब्यात बोट बुडवून काहीबाही पुटपुटला आणि रुमालावर पाणी शिंपडलं. रुमालावर लालभडक डाग उमटले. बायकांचे हात आपसूक जोडले गेले.

"खाडीच्या साती आसरांनी धरलंय पोरीला," भगत डोळे फिरवत म्हणाला. "त्यांच्या पाण्यात कारखान्यांनी रंगाची घाण सोडली ना, म्हून कोपल्यात. आता पोरीची शाळा बंद. सव्वा महिना घराबाहेर पाय न्हाय. दवाखाना तर न्हायच न्हाय, आसरांना सुई चालत न्हाय."

आसरांच्या, म्हणजे पाण्यातल्या त्या देवतांच्या, आवडीनिवडी या गृहस्थाला इतक्या बारकाईने कशा ठाऊक, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. निशाची आई कमळा तर दोन दिवस रडून अर्धी झाली होती. लाजही वाटत होती आणि भीतीही. शाळा बंद म्हणजे बंद, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

तेवढ्यात निशाने तिचा पदर ओढला. मान खाली असल्यामुळे पोरीला पाटाजवळचं सगळं दिसत होतं.

"आई, भगताच्या बोटाला चुना हाय. तंबाखूच्या डबीतला."

कमळा थबकली. नणंदेच्या लग्नात हळदीचे ढीगभर कपडे तिनेच धुतले होते. साबण किंवा चुना लागला की हळदीचे पिवळे डाग लाल होतात, हे तिलाच काय, अंगणातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. भगतापुढे कुणाला आठवलं नव्हतं, एवढंच.

तिने घरातून साधं पाणी आणून रुमालाच्या कोरड्या टोकावर ओतलं. रुमाल पिवळाच राहिला. मग भगताचाच तांब्या उचलला आणि त्याच्याच उपरण्यावर रिता केला. उपरणं लालेलाल झालं.

"भगतबुवा, तुमाला पन आसरांनी धरलंय," कमळा शांतपणे म्हणाली. "सव्वा महिना घराबाहेर पाय न्हाय."

अंगण हसून लोटपोट झालं. भगताला बोलावून आणणारे केसरीनाथ डोक्याला हात लावून म्हणाले, "सूनबाई, यानं मला चुना लावला गो!"

दुसऱ्या दिवशी मायलेकी भिवंडीत डॉक्टर रुचिरांकडे गेल्या. कमळाने सगळं सांगितलं आणि भीत भीत विचारलं, "मंग खाडीच्या घाणीचं खोटंच ना?"

"तेवढं सपशेल खोटं म्हणता येत नाही," डॉक्टर हसल्या. "प्लॅस्टिकमधली, कीटकनाशकांमधली काही रसायनं शरीरात जाऊन संप्रेरकांची नक्कल करतात. मुलं त्यामुळे लवकर वयात येत असावीत, असा संशय आहे. अभ्यास चालू आहे. पण वजन असतं, घराण्यात असतं, क्वचित एखादा आजारही असतो. निशाचं कशामुळे झालं, ते मला आज माहीत नाही. तपासण्या करू. गरज पडली तर औषधाने हे काही वर्षं थांबवताही येतं. लवकर आणलंत, हे फार बरं केलंत. आणि गरम चहा प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणणं बंद करा, त्यात तोटा काहीच नाही."

"आनि शाळा?" निशाने विचारलं.

"शाळा का बुडवलीस आज?"

निशा मंगळवारी शाळेत गेली. केसरीनाथ हल्ली चहाच्या टपरीवर स्टीलची किटली घेऊन जातात आणि वाटेत भेटेल त्याला किटलीचं कारण ऐकवतात.

मंडळी, डॉक्टर 'मला माहीत नाही' म्हणाल्या आणि शोधायला लागल्या. भगताला मात्र सगळंच माहीत होतं. असा सर्वज्ञ भेटला तर पाया पडायला जरूर वाका, पण वाकलात की आधी त्याचं बोट बघा.